सोनीबाईंची अट आणि आमच्या बाई

शालिनीबाई राऊत यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, असे लिहिले तर या गौरवग्रंथाचे संपादक ते खोडतील, म्हणून मतभेदाने झाली असे म्हणतो. मी घाटावरून बोर्डीच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला नुकताच आलो होतो. अंगात उत्साह मावत नव्हता. पहिल्याच तासाला फळा भरून टाकला, आणि समोरची सगळी मुले इतक्या समजूतदारपणे माना डोलावत होती की मी स्वतःवर खूश होऊन शिक्षक-खोलीत आलो. कोपऱ्यात मराठीच्या बाई वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागूनच होता. मान वर न करता त्यांनी विचारले, "सर, आत्ता तुम्ही कोणाशी बोलत होतात?"

मी म्हणालो, मुलांशी. त्यांना सगळे समजले आहे, माना डोलावत होती. त्यावर बाई म्हणाल्या, की इकडची मुले पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, तुम्ही आणखी तासभर बोलला असतात तरी ती डोलावतच राहिली असती. मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मुलांना उलटसुलट प्रश्न विचारून पाहिले आणि मुकाट्याने पहिला धडा पुन्हा सुरू केला.

पुढे माझी पत्नी डहाणूच्या दवाखान्यात बरेच दिवस होती, तेव्हा माझे तास बाईंनी घेतले. मराठीच्या शिक्षिकेने भौतिकशास्त्राचे तास घेऊन काय केले असेल? सरांचे काय काय समजले नाही, ते प्रत्येकाकडून बोलून घेतले आणि मी परतल्यावर एकेकाला माझ्यासमोर उभे केले. त्या काळात दवाखान्यात दोन्ही वेळचा डबाही बाईंच्याच घरून येत होता, त्यामुळे मला रागावण्याची सोय उरली नव्हती.

बाईंचे नाव आज डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत ज्या कामामुळे घेतले जाते, ते त्यांनी निवृत्तीनंतर उभे केले. बारावी होऊन विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्ती. बोर्डीचे चिकूच्या वाड्या असलेले लोक आणि डहाणू रोडचे व्यापारी तिला हातभार लावतात. व्यापाऱ्यांकडे बाई गुजरातीत बोलतात, आणि बाईंना गुजरातीत नाही म्हणणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही. मुलांची माहिती काढायला त्यांना कुठे जावे लागत नाही. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत एक चक्कर मारली की कोणाची मुलगी हुशार आहे, कोणाचा मुलगा शाळा सोडायच्या बेतात आहे, हे सगळे त्यांच्या कानावर येते. निवड समितीत मी सुरुवातीपासून आहे. माझे म्हणणे असे की गुण बघावेत आणि मोकळे व्हावे. आजही माझे तेच म्हणणे आहे. बाई ते शांतपणे ऐकून घेतात आणि पायात चप्पल घालून मुलाच्या घरी निघतात.

घरी गेल्यावर बाई मुलाला काही विचारत नाहीत. ओटीवर बसतात, पाणी पितात आणि आईवडिलांना विचारतात, "हा गेल्यावर घरात काय अडेल?" पहिल्या वेळी मला हा प्रश्न अगदीच गैरलागू वाटला होता. मसोलीच्या एका मुलाच्या घरी त्याचे उत्तर निघाले, की पहाटे भाजीची गाडी ढकलत बाजारापर्यंत न्यायला वडिलांना दुसरे कोणी नाही. मुलगा जाईल, पण महिन्याभरात वडिलांचे हाल बघून परत येईल, हे बाईंनी तिथेच ओळखले. शेजारच्या भाजीवाल्याला त्यांनी हाक मारली आणि दोघांनी मिळून दोन्ही गाड्या न्यायच्या, असे ठरवून टाकले. तो मुलगा आज वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाजारात त्याच्या वडिलांचा आवाज पूर्वीसारखाच मोठा आहे, आणि आता त्यात मुलाचे कौतुकही असते.

आता दर्शनाबद्दल. तलासरीकडच्या एका पाड्यावरची ही मुलगी. रविवारी मी बारावीच्या मुलांना फुकट शिकवतो, तिथे ती यायची. सगळ्यांसारखी ती मान डोलावत नसे, हे माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आले. समजले नाही तर तोंडावर सांगायची. इतक्या वर्षांत अशी विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती, हे मी तिच्यासमोर कधी बोललो नाही, इथे लिहून ठेवतो. तिला पुण्याला भौतिकशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला, वसतिगृह मिळाले, शिष्यवृत्तीसाठी आमचेही एकमत झाले. बाई आणि मी तिच्या घरी गेलो तेव्हा प्रवेश पक्का करायला दुसऱ्या दिवसाची दुपार एवढीच मुदत उरली होती.

तिचे वडील जानूभाऊ वाडीत मजुरी करतात. ते तयार होते. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. जानूभाऊंनी बायकोकडे पाहिले. दर्शनाची आई सोनीबाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्या तिथूनच बोलल्या.

"पोर तठं राहाल. तठं नवा भात आला का ती खायल. आमचा देवाला दाखवलेला नाय. मंग?"

वाचकांपैकी काहींना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. पाड्यावर शेतातला नवा भात आधी देवाला दाखवतात, मग घरातली सगळी माणसे एकत्र बसून खातात. त्याला नवं खाणे म्हणतात. त्याआधी घरातल्या कोणी नवा तांदूळ तोंडात घातला, तर ते सगळ्या घरालाच लागते अशी समजूत आहे. माझे डोके तापले. उद्या दुपारी मुदत संपते आहे आणि आपण तांदळाची चर्चा करतो आहोत! मी काही बोलणार तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले. ती नजर मी ओळखतो. मी पाणी प्यायलो.

बाईंनी फोन काढला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. दरवर्षी बाई नव्या मुलांना पोहोचवायला स्वतः जातात, आणि तिथे गेल्यावर प्राचार्यांना भेटायचे सोडून थेट भटारखान्यात शिरतात. मी फाटकाशी उभा राहून घड्याळ बघत असतो. तर त्या पुण्याच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या शेवंताबाईंना त्यांनी फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि विचारले, तुम्ही भाताला तांदूळ कुठला घेता, नवा की जुना?

शेवंताबाई म्हणाल्या, की नव्या तांदळाचा भात गिचका होतो, मुली ताटे तशीच ठेवून उठतात, त्यामुळे त्या वर्षभर जुनाच तांदूळ घेतात. सोनीबाई पुढे आल्या. पोते उघडताना तुम्ही स्वतः बघता का, असे त्यांनीच फोनवर विचारले. मग त्या दोघींचे भाताबद्दल बराच वेळ बोलणे चालले. एक तलासरीकडची, एक पुण्याची, पण कोणाला काही कळले नाही असे झाले नाही. शेवटी सोनीबाईंनी फोन बाईंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मंग जाय ती. पन नवं खायाला घरी पायजे." बाईंनी शब्द दिला, की नव्याच्या दिवशी दर्शना या ओटीवर असेल.

मुले जाण्याआधी बोर्डीला एका चिकूच्या वाडीत निरोपाचा कार्यक्रम होतो. त्यात देणगीदारांचे आभार मानायला बाईंची बंदी आहे. प्रत्येकाने आपण काय शिकायला चाललो आहोत ते आपल्या आईवडिलांना, घरच्या भाषेत, सगळ्यांसमोर समजावून सांगायचे. त्या वर्षी एकाने शेतकी सांगितली, एकीने नर्सिंग. दर्शना आईसमोर बसली आणि म्हणाली, की विहिरीत वाकून पाहिले की तळ जवळ दिसतो, पण तो खरा तेवढा जवळ नसतो, असे का होते ते मी शिकणार आहे. सोनीबाईंनी थोडा विचार केला आणि विचारले, "मंग पोरां खोल पान्यात उतरतात, बुडतात, ती यानंच?" दर्शना हो म्हणाली. "मंग शीक," सोनीबाई म्हणाल्या. भौतिकशास्त्राच्या बाजूने इतके चांगले भाषण मी ऐकलेले नाही.

पावसाळा सरला. पाड्यावर नव्याचा दिवस ठरला आणि नेमकी त्याच दिवशी दर्शनाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. ती चुकली तर वर्ष हातचे जाणार. दर्शनाने बाईंना फोन करून सांगितले, की मी परीक्षा सोडते, आईला शब्द दिला आहे. तिने बॅगही भरली होती. मला हे कळले तेव्हा मी एवढा घाबरलो, की काही न सुचून बाईंच्या घरी जाऊन बसलो. बाई फोनवर तिला सांगत होत्या, "शब्द तू नाही दिलास, मी दिला. तो मोडायचा की नाही ते माझं मी बघते. तू परीक्षा दे."

बाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी म्हणालो, जानूभाऊंना फोन करून कळवू. बाईंनी काठी हातात घेतली. "शब्द ओटीवर बसून दिलाय," त्या म्हणाल्या. "मोडायचा तर तिथंच जाऊन मोडायला हवा." डहाणूहून एसटी, नाक्यापासून जीप आणि पुढची चढण पायी. त्या चढणीवर बाई तीन वेळा तरी बसल्या असतील. बसल्या की सोनीबाईंना काय सांगायचे ते स्वतःशीच घोकत होत्या. बाईंना घाबरलेले मी त्या एका दिवशी पाहिले.

ओटीवर पोहोचल्यावर त्यांनी पाणीही घेतले नाही. उभ्या उभ्याच सोनीबाईंना सांगितले, की मी दिलेला शब्द माझ्याने पाळवत नाही. त्या दिवशी पोरीची परीक्षा आहे. ती यायला तयार आहे, मीच तिला अडवले आहे. काय बोलायचे ते मला बोला, तिला नको.

सोनीबाईंनी आधी बाईंना हाताला धरून खाली बसवले, त्यांचा पाय सरळ करून दिला. मग म्हणाल्या, "देव काय पळून जाय? तिची परीक्षा होऊ दे. आमी थांबू."

आणि ते घर थांबले. ठरल्या दिवशी पाड्यावर सगळीकडे नवं झाले. शेजारून नव्या भाताचा वास येत होता, आणि जानूभाऊंच्या घरात कणगी भरलेली असून नाचणीची भाकर चालू होती. दर्शनाचे धाकटे भाऊ कुरकुरत होते म्हणे, पण आईपुढे कोणाचे काही चालले नाही. परीक्षा संपवून दर्शना आली, त्या दिवशी बाईंना आणि मला बोलावणे होते. देवाला दाखवून झाल्यावर सगळे ओळीने बसलो. सोनीबाईंनी लेकीच्या पानात पहिला भात वाढला, मग बाईंच्या.

जेवताना सोनीबाईंनी बाईंना विचारले, ही अजून किती शिकणार? बाई म्हणाल्या, ही पदवी तर आहेच, पुढे शिकायचे म्हटले तर त्याच्यापुढेही आहे. सोनीबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. मग बाईंकडे बघत म्हणाल्या, "मंग तुमी तवर राहा. मदी जायाचं नाय."

बाई हसल्या नाहीत. "राहते," म्हणाल्या.

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना आरोग्य लाभो, दीर्घायुष्य लाभो, असे या ग्रंथात माझ्या आधी अनेकांनी लिहिले असेल आणि मनापासूनच लिहिले असेल. मला त्यात फक्त एक बातमी घालायची आहे. दर्शना मागच्या रविवारी भेटली. पदवीनंतर तिला पुढची पदवी घ्यायची आहे, आणि ती झाली की संशोधन करायचे आहे. संशोधनाला किती वर्षे लागतात, असे मी विचारले. ती म्हणाली, "सर, ते काही सांगता येत नाही." ही गोष्ट बाईंना अजून कोणी कळवलेली नाही, म्हणून इथे छापील स्वरूपात कळवतो. एक शब्द त्यांना मोडावा लागला. हा दुसरा मात्र त्यांनी पाळलाच पाहिजे.