माझी उत्तरं बाबांनी दिली

मागच्या आठवड्यात याच कम्युनिटीवर विचारलं होतं, नाशकात चांगले काउन्सेलर कोण आहेत. ज्यांनी गंगापूर रोडच्या मॅडमचं नाव सुचवलं, त्यांचे मनापासून आभार. आज जाऊन आले.

बाबा सोबत होते. आमच्याकडे डॉक्टरकडे कोणी एकटं जात नाही. मॅडमनी मला विचारलं, "झोप लागते का?"

बाबा म्हणाले, "नाही लागत. हिची आई गेल्यापासून असंच चाललंय."

पुढच्या प्रश्नाचं उत्तरही बाबांनीच दिलं. मग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

गोळ्या नाहीत, सल्लेही नाहीत. मी रडले, तर "रडू नकोस" असं त्या म्हणाल्या नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, "दोन-तीनदा येऊन बघ. माझ्याशी नाही जमलं तर मीच दुसरं नाव सुचवेन."

खाली बाबांनी स्कूटर स्टँडवरून काढली, पण किक मारेनात. म्हणाले, "मलाही झोप लागत नाही गं."

तर मंडळी, आता बाबांसाठी कोणीतरी सुचवा. सोबत मी जाईन, पण बाहेर बसेन.