बांगड्यांच्या दुकानातल्या जर्मन कादंबऱ्या

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी अब्बांनी दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं. राजारामपुरीत आमचं बांगड्यांचं दुकान आहे; शेजारी दातांचा दवाखाना, वरच्या मजल्यावर दहावी-बारावीचे क्लास. निरोप घ्यायला गेले तेव्हा ते एका बाईंच्या हातात बांगड्या भरत होते. मान वर न करता म्हणाले, "पोचलीस की अम्मीला फोन कर." स्टँडवर अम्मी आली, तिची बहीण म्हणजे माझी खाला आली, गल्लीतल्या चार काकू आल्या. अब्बा आले नाहीत. त्यांचं म्हणणं एकच होतं: नर्सच व्हायचं तर कोल्हापुरात दवाखाने काय कमी हायत?

उत्तरेकडच्या एका लहान गावात मला काम मिळालं होतं, पण अटीवर. वर्षभरात भाषेची वरची परीक्षा पास व्हायची, नाहीतर परत. तिकडे वॉर्डाला 'श्टात्सिओन' म्हणतात. फोनवर मी "श्टात्सिओनवर आहे" म्हटलं की अब्बांना वाटायचं, ही पोरगी रोज रेल्वे स्टेशनवर काय करते? पण तेसुद्धा ते अम्मीला विचारायचे. माझ्याशी बोलणं एवढंच: "बरी हायस?" "बरी आहे." "थांब, अम्मीला देतो."

परीक्षेसाठी मी गावच्या वाचनालयात जायला लागले. तिथल्या ब्रिगिटबाई साठीच्या, दोनच मिनिटांत माझी भाषा जोखून त्यांनी मला एका कपाटापुढे उभं केलं. वर पाटी होती: चौदा वर्षांपुढच्या मुलांसाठी. "वाक्यं लहान, भावना मोठ्या. तुला दोन्ही लागतील," त्या म्हणाल्या. मी अठ्ठावीस वर्षांची! चौदाव्या वर्षी माझ्या हातात फक्त गाईडं होती. त्या वयाच्या मुलीच्या रागालोभावर कुणी अख्खी कादंबरी लिहितं, हेच मला ठाऊक नव्हतं. पहिलं पुस्तक तीन आठवडे चाललं, दुसरं नऊ दिवसांत संपलं. तिसरं बसमध्ये वाचताना दोन थांबे पुढे गेले.

एकदा अम्मी वारणानगरला खालाकडे गेली होती. फोन दुकानात अब्बांनीच उचलला आणि पुढे द्यायला कुणी नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं, "एक पुस्तक वाचतेय. पंधरा वर्षांची पोरगी सायकल घेऊन घरातून पळालीय."

"मग?" अब्बा म्हणाले.

पुढचं आमच्या घरच्या दखनी बोलीत सांगू लागले तर त्यांनी मध्येच थांबवलं. "दखनीत नको, मराठीत सांग. स्पीकर लावतो. हितं पावणी बसल्यात, त्यांनाबी ऐकू दे."

तिथून सुरू झालं. माझ्या सकाळच्या सुट्टीत, कोल्हापुरात भर दुपारी, मी रोज एक-दोन प्रकरणं सांगायची. बांगड्या भरायला बसलेली बाई उठून जाऊ शकत नाही, हात अब्बांच्या हातात. ती ऐकायची आणि मत द्यायची. सलग तिसऱ्या पुस्तकात दहाव्या पानाच्या आत नायिकेची आई मेली, तेव्हा शिरोळकडच्या एक मावशी भडकल्या. "आई मारल्याबिगर पोरीची गोष्टच सुरू हुईत न्हाय व्हय ह्यांची? जित्त्या आईचा काय त्रास हुतोय, लिवा म्हणावं की!" मला ते शंभर टक्के पटलं. माझंही एक गाऱ्हाणं होतं: ही पोरं जग वाचवतात, पण दिवसदिवस जेवत नाहीत. वरच्या क्लासच्या मुलीही थांबू लागल्या. एका कादंबरीत सरकार मुलांना एकमेकांविरुद्ध झुंजवतं आणि रोज भिंतीवर त्यांचे क्रमांक लावतं. मला ती फार ओढूनताणून लिहिलेली वाटली होती. बारावीची एक मुलगी म्हणाली, "ताई, त्यात ओढूनताणून काय हाय? आमच्या क्लासात हेच चाललंय की." सगळं दुकान हसलं. मी ती कादंबरी परत वाचली आणि मत बदललं.

मग ती कादंबरी आली. सतरा वर्षांची मुलगी लाकूडकाम शिकायला दूरच्या शहरात जाते. बापाला मान्य नसतं. ती टेबलावर चिठ्ठी ठेवून निघते. मला हे पुस्तक सगळ्यांत जास्त आवडलं, कारण त्यात कुणी वाईट नव्हतं. आठ दिवस सांगत होते. शेवटी मुलगी स्वतः केलेल्या खुर्चीवर बसते आणि पुस्तक संपतं.

दुकानात कुणीतरी "झ्याक!" म्हणालं. अब्बा म्हणाले, "पोरगी गेल्यावर बापानं काय केलं?"

"पुस्तकात नाही ते, अब्बा."

"लिवायला पायजे हुतं."

स्पीकर बंद केल्याचा आवाज आला. मग अब्बा हळू आवाजात म्हणाले, "स्टँडवर यायला पायजे हुतं मी. चुकलं माझं." मी वॉर्डाच्या जिन्यात उभी होते, गणवेशात. "असू दे, अब्बा," एवढंच म्हणाले. डोळे पुसून कामाला गेले, आणि त्या दिवशी एका आजोबांचं ब्लडप्रेशर तीनदा मोजलं.

तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणाले, आवडत्या पुस्तकाबद्दल बोला. मी खुर्चीवाल्या मुलीबद्दल बोलले आणि तिच्या बापाबद्दल, जो पुस्तकात नाही. व्याकरण दोनदा घसरलं, तरी पास झाले. निकाल आधी अब्बांना सांगितला, अम्मीला नंतर. त्यावरून ती दोन दिवस रुसली.

माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना सांगते: ही पुस्तकं पोरांची म्हणून सोडू नका. नव्या गावात आपण सगळेच पंधरा वर्षांचे असतो. बोलायला शब्द पुरत नाहीत, चालताबोलता रडू येतं, आणि पहिली मैत्रीण मिळाली की आभाळ ठेंगणं होतं.

यंदा सुट्टीला आले होते. दुकानात बसले की मला कधी न पाहिलेल्या बायका विचारत, "ती सायकलवाली परत आली का हो घरला?" निघायच्या दोन दिवस आधी एका गिऱ्हाईक काकूंनी अब्बांना विचारलं, "लेक अजून किती दिस हाय?"

"सोमवारी घरी चाललीया," अब्बा म्हणाले.

"घरी? मग हे काय हाय?"

अब्बांनी बांगडी हातावर चढवली, नीट बसली का पाहिलं. "हेबी घरच की. दोन हायत तिची."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी हसत होते, आणि मला हसू आवरत नव्हतं.