डी ड्राइव्हमधलं काम

माझी बायको घरी बसून पंचिंग करायची. साडीवर मशीनने जे भरतकाम होतं, त्याचा एकेक टाका आधी कॉम्प्युटरवर कुणाला तरी बसवावा लागतो. सुई कुठून निघेल, कुठे वळेल, कुठे दोरा बदलेल, हे सगळं. सुरतेत त्याला पंचिंग म्हणतात. शिरपूरहून लग्न होऊन डिंडोलीत आली तेव्हा तिला माउससुद्धा धरता येत नव्हता. गल्लीतल्या एका बाईकडे ती हे शिकली आणि पुढची सोळा वर्षं आमच्या आतल्या खोलीत बसून तिने बुट्टे, बॉर्डर, पल्लू काढले. पार्टीचा, म्हणजे काम देणाऱ्या व्यापाऱ्याचा, माणूस यायचा, पेन ड्राइव्हवर डिझाइन घेऊन जायचा. आठवड्याभरात तिच्या खोलीत निघालेला बुट्टा कुठल्या तरी खात्यावर, म्हणजे भरतकामाच्या कारखान्यात, शेकडो साड्यांवर उतरलेला असायचा.

मी मराठी शाळेत शिक्षक. शाळेची कॉम्प्युटरची खोली बरीच वर्षं माझ्याकडे होती. मुलं कमी होत गेली, वर्ग जोडले गेले आणि एके दिवशी त्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. कुणी वाईट बोललं नाही. पण शाळेत काही बिघडलं की लोक मला बोलवायचे, ते बंद झालं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्यात याचा वाटा होता.

घरच्या कॉम्प्युटरवर एक सूचना यायला लागली. त्यातल्या विंडोजला यापुढे सुरक्षेच्या अपडेट मिळणार नाहीत, आणि नवीन विंडोज चालवण्याइतकं हे मशीन नवं नाही, असा तिचा अर्थ. मी व्हिडिओ पाहायला लागलो. विंडोजच्या जागी टाकता येणारं लिनक्स फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं, व्हायरसची भीती कमी, हे सगळं मला पटलं. मी बायकोला सांगितलं. तिने पडद्यावरून नजर काढली नाही.

"माझं काम चाललंय त्यावर. हात लावू नका," ती म्हणाली.

तिचं सॉफ्टवेअर त्याच्यावरही चालवता येईल, एका व्हिडिओत तसं दाखवलंय, असं मी म्हणालो. ती काही बोलली नाही. त्या न बोलण्याचा अर्थ मी मला हवा तसा लावला.

तिच्या बहिणीकडे कामरेजला बारसं होतं, तेव्हा ती तीन दिवसांसाठी गेली. मुलगी कॉलेजला बडोद्यात. रविवारी सकाळी मी चहा घेऊन त्या खोलीत बसलो. आधी सगळं नीट जपून घेतलं. फोटो, मुलीचे दाखले, माझ्या प्रश्नपत्रिका, डेस्कटॉपवरचं सगळं एका पेन ड्राइव्हवर उतरवलं. मग लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला. एका पडद्यावर दोन पर्याय आले: जुन्याच्या शेजारी बसवायचं, की डिस्क पुसून नव्याने बसवायचं. स्वच्छ सुरुवात केलेली बरी, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला होता. मी दुसरा पर्याय निवडला. मशीनने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं.

अर्ध्या तासात सगळं झालं. कॉम्प्युटर इतका झटकन सुरू झाला की मी एकटाच हसलो. मराठी फॉन्ट उतरवले, सगळ्या अपडेट होऊ दिल्या. दुपारी जेवलो. मग तिचं सॉफ्टवेअर बसवावं म्हणून डी ड्राइव्ह शोधायला लागलो, कारण ते बसवायची फाइल तिथेच होती आणि तिची सगळी डिझाइनंही.

डी कुठेच दिसेना. डी म्हणजे वेगळी डिस्क, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. शाळेत मुलांनाही तसंच सांगायचो. ती एकाच डिस्कची आखून ठेवलेली अर्धी बाजू होती, आणि मी अख्खी डिस्क पुसली होती. हे लक्षात आल्यावर मी कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून डिस्क काढली आणि रिंग रोडजवळच्या एका दुकानात नेली. तिथला माणूस पुसलेला डेटा परत काढून देतो. नंतर यावर काय काय उतरवलं, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने मान हलवली. जुन्याच्या जागी नवं बसलं की जुनं येत नाही, जेवढं निघेल तेवढं देतो, असं गुजरातीत म्हणाला आणि पावती न करताच डिस्क ठेवून घेतली.

मंगळवारी बायको आली. मी घरातली दुसरी, जुनी डिस्क लावून लिनक्स पुन्हा बसवून ठेवलं होतं. का, ते मला आजही सांगता येत नाही. पलसाण्याच्या एका पार्टीला पल्लू द्यायचा होता, म्हणून ती पाय धुऊन थेट खोलीत गेली आणि कॉम्प्युटर सुरू केला. अनोळखी पडदा पाहून तिने मला हाक मारली. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

माझ्याशी ती मराठीत बोलते. अहिराणी तिची बहिणीशी. त्या दिवशी मात्र ती माझ्याशी अहिराणीत बोलली.

"तुम्हीच सांगेल व्हतं ना, डी मा ठेव म्हनीसन."

खरं होतं. ती नवीन शिकत होती तेव्हा मीच तिला सांगितलं होतं, की विंडोज बिघडलं तर सी पुसावं लागतं, तुझं काम डीमध्ये ठेव, तिथे त्याला काही होणार नाही. सोळा वर्षं तिने एकही डिझाइन दुसरीकडे ठेवलं नव्हतं.

तिने पार्टीला फोन केला. कॉम्प्युटर बिघडला, पल्लू होणार नाही, एवढंच सांगितलं. माझ्याकडून झालं हे तिने कुणालाच सांगितलं नाही, बहिणीलाही नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दहा दिवसांनी दुकानातून फाइली मिळाल्या. नावं गेलेली, नुसते आकडे. मी एका फुकट प्रोग्रामात एकेक उघडून पाहिल्या. बऱ्याच उघडल्याच नाहीत. ज्या उघडल्या त्यांत नक्षीतलं निम्मंच पान असायचं आणि तिथून टाक्यांच्या सरळ रेघा पडदाभर गेलेल्या. तिला बोलावलं. तिने चार-पाच पाहिल्या. यातला एक जरी मशीनवर चालवला तर सुई मोडेल, असं म्हणून ती उठली.

मी विंडोजही परत बसवून दिलं. पण तिचं सॉफ्टवेअर ज्याने दिलं होतं, त्याने दुकान कधीच बंद केलं होतं, आणि तो कुठे गेला हे आजूबाजूला कुणाला माहीत नव्हतं. नव्या सॉफ्टवेअरवर पुन्हा सुरुवात कर, मी शिकवतो, असं मी एकदा म्हणालो. "तुम्ही नका शिकवू," ती शांतपणे म्हणाली.

पार्ट्या हळूहळू दुसरीकडे गेल्या. आता ती कडोदऱ्याला एका खात्यावर जाते. सकाळी साडेआठला नाक्यावरून शेअर रिक्षा पकडते. तिथे दुसऱ्यांची डिझाइनं दुरुस्त करते. रंग बदल, टाके कमी कर, असलं काम. केलेलं सगळं तिथल्याच मशीनवर राहतं, पेन ड्राइव्ह बाहेर न्यायची परवानगी नाही. मालक बरा आहे म्हणते. त्याहून जास्त काही सांगत नाही, मीही विचारत नाही.

घरच्या कॉम्प्युटरवर मी पुन्हा लिनक्स टाकलं. उत्तम चालतं. त्यावर माझ्या प्रश्नपत्रिका होतात, आणखी काही नाही.

मागच्या महिन्यात तिची बहीण आली होती. दिराच्या लग्नाला ब्लाउजच्या बाहीवर काही तरी काढून दे, असं तिने सांगितलं. दोघी स्वयंपाकघरात होत्या, मी बाहेर पेपर वाचत होतो. भाकरी उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, की बाजारात भरतकामाच्या तयार पट्ट्या मिळतात, चांगल्या असतात, त्याच लावून घे.