‘वळणावर थांबजो’ मधली रिकामी जागा

आधीच सांगून ठेवतो, भूत, आत्मा, अमावस्या यावर माझा काडीचा विश्वास नाही. माझा धंदाच आवाजाचा आहे. वर्ध्याला लागून सिंदी मेघेत माझा स्टुडिओ आहे... स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. भजनं, प्रचारगाडीच्या घोषणा, हळदीची गाणी, जे येईल ते रेकॉर्ड करतो. आवाज असला की स्क्रीनवर रेघ हलते, नसला की सपाट. विषय संपला! असं मी या उन्हाळ्यापर्यंत तरी समजत होतो.

गाणं माझ्या आईचं. मी रांगत होतो तेव्हा नागपूरच्या एका छोट्या कंपनीनं तिची कॅसेट काढली आणि त्यातलं ‘नालवाडीच्या वळणावर थांबजो’ तुफान चाललं. रेकॉर्डिंगला बाबा सोबत गेले होते. किराणा दुकानदार माणूस, स्टुडिओ कशाशी खातात माहीत नाही. त्यांना कोपऱ्यात स्टुलावर बसवलं. आईनं सूर लावून ‘थांबजो’ म्हटलं आणि हे घरच्यासारखे मधातच बोलले, "थांबतो ना वं!" आता काय बोलावं या माणसाला? पण कंपनीवाल्याला ते इतकं आवडलं की त्यानं तसंच राहू दिलं. मग काय, प्रत्येक वरातीत त्या जागी सगळे मिळून ओरडायचे.

त्याच वर्षी बाबा तापानं गेले. मी चालायलाही लागलो नव्हतो. त्यांचे दोन फोटो आहेत, आवाज मात्र फक्त त्या कॅसेटमध्ये होता. आणि ती कॅसेट आमच्या मामांनी, उंटावरच्या शहाण्यानं, भरलेलं पुसलं जाऊ नये म्हणून वर खाच असते तिच्यात कागदाचा बोळा कोंबून, तिच्यावर सप्त्याचं कीर्तन भरलं. वर म्हणे, पुण्याचं काम झालं! मी आजही त्या मामांशी धड बोलत नाही.

दुसरी प्रत शोधायची मी किती खटपट केली, विचारू नका. कंपनी कधीच बंद पडली. पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, जुनी कॅसेटची दुकानं, लोकांचे माळे... हाती काय लागलं? नकला! बॅन्डवाल्यांनी क्लॅरिनेटवर वाजवलेलं. गणपती मंडळानं ‘मंडपामधी थांबजो गजानना’ करून टाकलेलं. कोण्या डीजेनं धाड धाड करून आईच्या चालीचा पार भुगा केलेला. एका पोरानं तर रॅप घुसवलं, अरे बाप्पा! सगळ्यांनी ती जागा बरोबर मोकळी सोडली होती, कारण तिथे पब्लिक ओरडते. माझ्या बापाची जागा प्रत्येकानं ठेवली, बाप कोणीच ठेवला नाही.

तर या उन्हाळ्यात बोरगाव मेघेची प्राची नावाची कॉलेजातली पोरगी हेच गाणं रीलसाठी नव्यानं म्हणायला आली. ट्रॅक मी स्वतः बनवला. की-बोर्ड माझा, ढोलकी राजाभाऊंची. आईच्या मूळ गाण्यात ढोलकी वाजवणारे तेच हे राजाभाऊ. त्या जागी मी चार मात्रा कोऱ्या ठेवल्या. पोरगी छान गायली. हेडफोन काढून म्हणते, "काका, ते मधातलं ‘थांबतो ना वं’ कोणी म्हटलं? मस्त आहे! हसून हसून बोलतात ते."

मी म्हटलं, "कोणी नाई म्हटलं. तिथं काहीच नाई."

"आहे ना काका! लावा बरं."

लावलं. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या राजाभाऊंकडे मी पाहिलं, तर ते चहा सोडून उठलेच. "काऊन बे," ते मलाच ओरडले, "तुह्या बापाचा आवाज कुठून आणला? कॅसेट भेटली तर सांगता येत नाई का मले?"

डोकंच फिरलं माझं. स्क्रीन दाखवली, रेघ सपाट. फाइल तपासली, वायरी बदलल्या, दुसऱ्या स्पीकरवर लावलं, मोबाइलवर लावलं. दोघांनाही दर वेळी तिथेच ऐकू यायचं आणि मी शुंभासारखा दोघांच्या तोंडाकडे पाहायचो. प्राचीनं तर मूळ गाणं जन्मात ऐकलेलं नाही, ती नकला ऐकूनच शिकलेली. थट्टा म्हणावी, तर राजाभाऊ डोळे पुसून राह्यले होते. दुसऱ्या दिवशी मी कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. कान एकदम ठणठणीत म्हणे. घ्या!

आईला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिला आता फार कमी ऐकू येतं. कानाची मशीन घेऊन दिली तर ती खिडकीत पडून असते, कारण "कानात शिट्टी वाजते". चार वेळा हाक मारावी तेव्हा पाहते. पण एका दुपारी मी स्टुडिओचं दार उघडं ठेवून पुन्हा तेच गाणं लावून बसलो होतो आणि ती दारात भेंड्या चिरत होती. पाठ माझ्याकडे, मशीन खिडकीत. ती जागा आली... आणि आई हसली.

"पाय बरं," ती भेंडीलाच म्हणाली, "अजून मधातच बोलते हा माणूस!"

मी उठून तिच्यासमोर जाऊन बसलो. मोठ्यानं म्हटलं, "आई, मले नाई ऐकू येत वं! सगळ्याईले येते, मलेच काऊन नाई?" चाळिशी ओलांडलेला माणूस मी, आणि लहान पोरासारखी तक्रार करत होतो.

तिनं विळी बाजूला सारली, माझ्या डोक्यावरून चिकट हात फिरवला. "तुले कायले पाहिजे? तूच तर बोलतं तसा. मी आवाज दिला का ‘येतो ना वं’ म्हणून खेकसतं, तसाच आहे तो. वैतागल्यावानी."

मग परत भेंड्या.

मी ती फाइल पुसलेली नाही. मशीनवाले, साऊंडवाले, सगळ्यांना विचारून झालं. कोणी म्हणते मनाचे खेळ. असतील! पण मग तिघांच्याही मनाला एकाच जागी खेळायचं कसं सुचते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. गाणं मागेल त्याला मी पाठवतो. ‘ऐकू आलं’ असं सांगणारे बरेच निघाले, आणि प्रत्येक वेळी मला चीड येते.

तुम्हीही ऐका. आलं तर आवाज कुठून आला याची चर्चा मला नको. एवढंच सांगा... ते माझ्यासारखे वैतागलेले आहेत, का ती पोरगी म्हणाली तसे हसून राह्यले?