माझ्या डोक्यातली नळी

हिंगोलीच्या बाजारात माझ्या बाबांना मान आहे तो हळदीच्या पारखीमुळे. ढिगातून एक हळकुंड उचलायचं, कट्‌कन मोडायचं आणि आतला रंग बघायचा. वरून झकास दिसणारं हळकुंड आतून काळं निघालं की तो माल बाजूला. मोडल्याशिवाय त्यांनी कधी भाव सांगितला नाही.

म्हणूनच मला त्यांचा इतका राग आला. माझा रक्ताचा कॅन्सर मेंदूभोवतीच्या पाण्यात पोचला होता. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की रक्त आणि मेंदूच्या मध्ये शरीरानंच एक आडोसा घातलेला असतो. तो विषाला अडवतो, तसा औषधालाही. म्हणून कवटीला बारीक भोक पाडून, स्कॅनची चित्रं समोर ठेवून, एक नळी थेट मेंदूतल्या पाण्यापर्यंत न्यायची. तिचं दुसरं टोक टाळूच्या कातडीखाली, बोराएवढ्या डबीला जोडायचं. पुढे त्या डबीत सुई टोचून औषध द्यायचं.

बाबा खुर्चीवरून उठलेच. "पोरीच्या डोक्याला भोक? जमायचं न्हाई." स्कॅनचं पाकीट त्यांनी न उघडताच घरी आणून कपाटावर टाकलं.

मग घरात सल्ल्यांचा सुकाळ झाला. आत्या म्हणाली, हळदीचं दूध घे. शेजारीण म्हणाली, कपाळाला हळदीचा लेप लाव. मी म्हणाले, "हळदीनं माणूस वाचलं असतं, तर हिंगोलीत कुणी मेलंच नसतं!" आत्या रुसली. रुसू दे. इकडे तव्यावरची एक भाकरी मला दोन दिसायला लागली होती. मला मरायचं नव्हतं.

एका सकाळी पाकीट काखेत मारून मी सरळ बाजारात गेले. बाबा ढिगापाशी उभे, भोवती अडते-व्यापारी. बाया तिथं झाडायला, वेचायला येतात, बोलायला नाही. मी बोलले.

"बाबा, मोडल्याबिगर तुमी हळकुंडाचा भाव करत न्हाई. माझ्या डोक्यातलं पाहायला काहून भिऊन राहिले?"

"घरी चल, बाई."

"न्हाई. इथंच पाहा. न पाहता मला बाजूला टाकू नका."

बाबांनी पिवळे हात धोतराला पुसले आणि पाकिटातली फिल्म उजेडात धरली. डॉक्टरीणबाईंनी पेनानं खुणा केलेल्या जागा मी बोटानं दाखवल्या.

"नळी बराबर जागी जाईल कशावरून?"

"चित्र पाहूनच नेतात. नेल्यावर पुन्हा चित्र काढून पाहतात."

त्यांनी एकेक खूण बोटानं चाचपली. मग डोळे पुसत म्हणाले, "नांदेडची गाडी पाहतो." माझा राग तिथंच संपला असं लिहायला बरं वाटलं असतं. थोडा अजून शिल्लक आहे.

ऑपरेशननंतरचं चित्र बाबांनी स्वतः मागून घेतलं, उजेडात धरलं आणि नळीचं टोक सापडेपर्यंत खिडकीपासून हलले नाहीत. आता त्या डबीतून औषध जातं. भाकरी एकच दिसते. पुढचं डॉक्टरीणबाईही छातीठोक सांगत नाहीत.

परवा डोंगरकडा गावी एका लग्नात मी तशीच गेले, बोडक्या डोक्यानं. आत्या कानाशी येऊन पुटपुटली, "पदर घे गं, टेंगूळ दिसून राहिलं."

मी तोंड उघडायच्या आत, भरल्या मांडवात, बाबांचा आवाज आला.

"दिसू दे. पोरगी तिथूनच जगून राहिली."