मुकुट कापलेला फोटो

अमरावतीतल्या एका महिला मंडळाच्या पहिल्या सौंदर्यस्पर्धेत मी पहिली आले होते. यंदा त्यांनी जुन्या विजेत्यांचा सत्कार ठरवला. अध्यक्षीणबाईंचा फोन आला. जुने कागद वाळवीनं खाल्ले होते, म्हणून मुकुट घातलेला फोटो हवा होता. दुसरी एक बाईही ‘पहिली मीच’ म्हणतेय, हे त्यांनी चाचरत सांगितलं.

फोटो एकच निघाला होता. स्पर्धेनंतर माझ्यासाठी स्थळं बघू लागले, तेव्हा दादानं तो कात्रीनं कापला. वरून मुकुट, खालून विजेतीचा पट्टा. उरलेला चेहरा पत्रिकेसोबत अकोल्याला धाडला. स्टेजवर चाललेली पोरगी सून करून घ्यायला कोणी तयार नव्हतं. सासरी कधीच सांगायचं नाही, अशी आईनं शपथ घातली. मी पाळली. नवरा गेला, नांदगाव पेठहून कापडाचे कटपीस आणून अकोल्यात दुकान उभं केलं, तरी पाळली.

फोन आला त्याच आठवड्यात दुकान बंद ठेवून मी दादाकडे अमरावतीला गेले.

“ते कापलेले तुकडे कुठं आहेत?”

“कोन ठेवते ते? गेले असतील चुलीत.” दादा टीव्हीकडे बघत होता. “आता काय मुकुट घालून कटपीस विकतं का?”

“मले विचारून कापला होता?”

“तुह्या भल्यासाठीच कापला. घर चांगलं भेटलं ना?”

वहिनी म्हणाली, “बाई, चहा थंडा होऊन राहिला.”

व्यापाऱ्याशी भांडते तेव्हा माझा आवाज चौकापर्यंत जातो. त्या दिवशी मात्र मी चहा प्यायले.

तिथून मंडळात गेले. अध्यक्षीणबाईंनी उरलेला फोटो उलटसुलट करून पाहिला.

“चेहरा तुमचाच आहे हो. पण यावरून काय ठरवायचं? असं करू, दोघींना सोबत बसवू. नावापुढे ‘माजी स्पर्धक’ लिहू.”

“पहिली लिहा, नाहीतर नाव काढा.”

त्यांनी पेन घेतला आणि यादीतलं माझं नाव खोडलं. मला वाटलं होतं, त्या थोड्या तरी सरकतील.

सौदा फिसकटला की मी उठून चालू लागते, आणि व्यापारी मागून हाक मारतोच. मी पर्स उचलली, जिन्यापर्यंत सावकाश चालत गेले, चपला घालायलाही वेळ लावला. आत अध्यक्षीणबाई यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावत होत्या.