डिंक वाळायच्या आधी

हमीद गेल्याचं मला शमीमभाभींनी, त्याच्या बायकोनं, फोनवर सांगितलं. सकाळी मी मेथी निवडत बसलो होतो. "नाना, हे गेले... झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता सांगायचं कायमचं राहिलं. दुःख त्याच्या मागून आलं. हा क्रम मला लपवायचा नाही. आता पाच-सहा आठवडे झाले. लोक हमीदबद्दल चांगलंच बोलतात, पण शेवटी एक वाक्य जोडतात, "म्हातारपणी हात गेला होता बिचाऱ्याचा." ते वाक्य खोटं आहे. ते कसं जन्माला आलं हे गेल्या आठवड्यापर्यंत फक्त मला एकट्याला ठाऊक होतं.

हमीद मूळचा खरादी, लाकूड कातणारा. सोलापूरच्या मागांवर आडवा धागा घेऊन धावणारे लाकडी धोटे तो घडवायचा. धोट्यावर बारीकसं कुसळ राहिलं तरी ताण्याचा उभा धागा तुटतो, म्हणून काम संपलं की तो डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवी आणि मग कापसाचा बोळा. कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी धोटा परत कातायला. पुढे बिनधोट्याचे माग आले आणि त्याचं काम गेलं. मी कापड गिरणीच्या टाइम ऑफिसात होतो, कोण किती मिनिटं उशिरा आला ते मांडायचो. गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं रिकामी गेली. मग माझ्या भाच्यानं विजापूर रस्त्याला छोटंसं बोलिंग सेंटर काढलं आणि मला देखरेखीला बसवलं. या खेळातल्या जड चेंडूला तीन भोकं असतात, दोन बोटांची आणि एक अंगठ्याचं. नेमानं खेळणारे ती आपल्या हाताच्या मापानं पाडून घेतात. अंगठ्याच्या भोकात प्लॅस्टिकची नळी बसवतात, कारण चेंडू सोडताना अंगठा अलगद निसटला पाहिजे. हे नाजूक काम कोण करणार, म्हणून मी हमीदला बोलावलं. त्यानं चेंडू हातात फिरवून बघितला आणि म्हणाला, "नाना, हा तर गोल धोटा झाला की."

त्या नळीला तो पुंगळी म्हणायचा. पुंगळी मुद्दाम थोडी लांब ठेवायची, दोन भाग कालवून केलेला डिंक लावून भोकात बसवायची आणि वर आलेला भाग नंतर कापायचा. हे कापणं म्हणजे हमीदची खासियत. चेंडूवर ओरखडा नको म्हणून भोवती चिकटपट्टी लावून तो करवतीच्या पात्यानं तांदळाएवढी उंची शिल्लक ठेवून कापी. मग पटाशीनं छिलून, शेवटी काचकागदानं चेंडूच्या गोलाईशी असं मिळवून टाकी, की जोड कुठं आहे ते बोटाला कळत नसे. त्यानंतर तोच जुना कापसाचा बोळा. नियम एकच. डिंक लावल्यावर एक दिवस आणि एक रात्र पुंगळीला पातं लावायचं नाही. "मधीच कापली तर ती रुसते नाना. आज गप बसती, उद्या डोकं वर काढती." आणि मला चिडवायला वर जोडायचा, "गिरणीत लोकांची मिनटं मोजलीत की, आता डिंकाचे तास मोजा."

मोडनिंबच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या जाधव मॅडम आमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या खेळाडू. पुण्याला निवड स्पर्धा होती. त्यांच्या चेंडूची पुंगळी सैल झाली होती, म्हणून हमीदनं भोक साफ करून नवी पुंगळी तयार ठेवली. त्याच वेळी त्याच्या भाचीचं लग्न दुधनीला निघालं. मंगळवारी सकाळी जाताना त्यानं मला बजावलं, "नाना, आजच डिंक लावा. उद्या सांजच्याला येऊन मी कापतो." मी हो म्हणालो आणि विसरलो. साफ विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता आठवण झाली तेव्हा घाईनं डिंक लावला आणि कडेला उतू आलेला फडक्यानं पुसून टाकला, तो ताजा आहे हे दिसू नये म्हणून. सहा वाजता हमीद आला, हाताला अजून लग्नातल्या अत्तराचा वास होता. त्यानं विचारलं, "कधी लावला?" मी म्हणालो, "कालच. तू गेलास तसा."

एवढंच. जन्मभर दुसऱ्यांचा उशीर मांडलेल्या माणसाला स्वतःचा उशीर कबूल करवला नाही. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून पुंगळी कापली. काम इतकं सुरेख झालं होतं, की कापूस भोवती फिरला आणि एकही तंतू अडकला नाही. मी ते समोर उभा राहून बघत होतो.

सकाळी मॅडम चेंडू गाडीच्या डिकीत टाकून पुण्याला गेल्या. उन्हाळा, तापलेली डिकी, आत ओला डिंक आणि खाली कोंडलेली हवा... पुंगळी केसभर वर आली. तिसऱ्या डावात तिच्या कडेनं मॅडमच्या अंगठ्याची साल निघाली आणि निवड हुकली. परत आल्या तेव्हा अंगठ्याला पट्टी होती. चेंडू टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "चष्मा बदला, मिस्त्री." हमीदनं कापूस फिरवला. भोवती सगळे तंतू अडकले. तो म्हणाला, "माझ्या हातनं राहिलं." मी शेजारी होतो. मी पाण्याचा पेला पुढं केला, मॅडमना.

त्यानंतर तो प्रत्येक चेंडू मला तपासायला लावू लागला. "तुमी बघा नाना, माझ्या अंगठ्याला आता कळंना." महिन्याभरात त्यानं काम सोडलं. पुढं चहाच्या गाड्यावर भेटी व्हायच्या. एकदा त्यानं चाचरत विचारलं, "नाना, त्या दिवशीचा डिंक जुना तर नव्हता?" मी म्हणालो, "नाही, नवाच डबा फोडला होता." ते खरं होतं. त्या साऱ्या प्रकरणात मी त्याला सांगितलेली तेवढीच एक गोष्ट खरी होती. त्यानं मान हलवली आणि बशीत चहा ओतला.

गेल्या आठवड्यात जाधव मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी ते भलत्याच माणसाला बोलले." त्यांनी फोन ठेवला. पुन्हा केलेला नाही, आणि मी अपेक्षाही धरत नाही.

नंतर भाभींकडे गेलो. त्यांनी मधेच न थांबवता ऐकून घेतलं. "माझी नखं हेच काढायचे, नाना," त्या म्हणाल्या, "मला जवळचं दिसत नाही ना. त्या चेंडूनंतर सोडलं. म्हणाले, हात चुकला तर तुलाच लागंल. मी पोरीकडनं काढून घेते तेव्हापासनं." मी मान खाली घातली. "मला एकटीला सांगून काय उपयोग? ते सगळ्यांसमोर म्हणायचे, माझा हात गेला. शुक्रवारी पोरगी, जावई, दीर, सगळे जेवायला असतात. तेव्हा या आणि सांगा."

शुक्रवारी गेलो. खिडकीशी हमीद बसायचा तिथंच मला बसवलं. वर खिळ्याला त्याचं नेलकटर दोऱ्यानं टांगलेलं होतं. मी सगळं सांगितलं, मंगळवार, बुधवार, तीन वाजता, सहा वाजता. माझं बोलून झालं तसं जावयानं माझ्या पुढ्यातलं ताट थोडं जवळ सरकवलं. भाभी उठल्या, नेलकटर खाली घेतलं, पदरानं सावकाश पुसलं, आणि परत त्याच खिळ्याला अडकवून ठेवलं.